हे आजारपण की व्यसन? दोन्ही असेल तर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

डिचोली तालुक्यातल्या ३७ वर्षांच्या एका नोकरदार विवाहितेचं हे पत्र आहे. नऊ वर्षांपूर्वी त्यांना बायपोलर आजार असल्याचं निदान झालं. तेव्हापासून रोज रात्री लिथियम ९०० मिलिग्राम चालू आहे. गेल्या पावसाळ्यात मन फार खाली गेलं म्हणून डॉक्टरांनी अरिपिप्राझोल जोडलं. आधी ५ मिलिग्राम, दिवाळीनंतर १०. नवरा बोटीवर, घरी सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. नाताळच्या सुट्टीत टेलिग्रामवर आलेल्या लिंकवरून त्या लाल-हिरवा रंग ओळखायच्या एका ऍपवर शंभर रुपयांनी खेळायला लागल्या. शिगम्याच्या आठवड्यात झोप तीन तासांवर आली, अंगात वारं भरलं आणि नऊ दिवसांत १,२०,००० रुपयांची ठेव मोडून संपली. पुढे मन जाग्यावर आलं, तरी खेळणं थांबलं नाही. पाटल्या गहाण टाकून १,४०,००० आणि तीन कर्ज-ऍपकडून ८०,००० घेतले. एकूण ३,४०,०००. ऍप तीनदा काढून टाकलं, तीनदा परत घेतलं. नवरा गणेश चवथीआधी घरी येणार आहे. म्हापशाच्या बहिणीशिवाय कोणाशी मोकळेपणाने बोलता येत नाही आणि तिलाही हे ठाऊक नाही. त्या विचारतात: “शिगम्यात मी वर गेले होते, मान्य. पण आता झोपते, ऑफिसला जाते, तरी रात्री हात फोनकडे जातो. हा आजारच ना? गोळ्या वाढवल्या की थांबेल? की डॉक्टरांना काही न सांगता पाटल्या सोडवण्यापुरतं जिंकून थांबू? कसिनोत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. मला जुगारी म्हणायचं का?” आणि कंसात एक ओळ: “मीच नसते तर बरं झालं असतं, असं दोनदा मनात आलं.”

ताई,

आधी त्या कंसातल्या ओळीबद्दल. बायपोलर आजार आणि जुगाराचं कर्ज एकत्र आलं की जिवाला धोका खरोखर वाढतो. रक्कम आता उघडी पडणार या भीतीचे दिवस तर फारच जपायचे असतात, आणि तुमचे तेच दिवस चालू आहेत. म्हणून दोन गोष्टी आजच करा. घरात गोळ्यांचा एका आठवड्यापुरताच साठा ठेवा, बाकीच्या पट्ट्या बहिणीकडे द्या. आणि तो विचार तिसऱ्यांदा आला तर सकाळची वाट न पाहता १४४१६ लावा. ही टेली मानसची सरकारी सेवा आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. मन आवरेनासं झालं तर बहिणीला सोबत घेऊन थेट बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा. रात्री दोन वाजताही.

आता तुमचा प्रश्न. ‘आजार की व्यसन’ असं विचारताना तुमच्या मनात एक वाटणी झालेली दिसते: आजार असेल तर माझा दोष नाही आणि गोळी पुरेशी, व्यसन असेल तर मी वाईट आणि गोळीचा उपयोग नाही. ही वाटणीच मला मान्य नाही. बायपोलर असलेल्या माणसांत जुगार, खरेदी, गेम अशी वर्तनाची व्यसनं इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि ती एकाच वेळी आजाराला चिकटलेली व आजारापासून सुटी असू शकतात. त्यामुळे ‘का’ विचारण्याआधी ‘कुठल्या दिवशी’ हे विचारायला हवं. चढाच्या दिवशी (मन फार वर गेलेलं), उताराच्या दिवशी (फार खाली गेलेलं), की सपाटीच्या (मन जाग्यावर असलेलं)?

तुम्ही बँकेच्या स्टेटमेंटची दोन पानं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. शिगम्यातल्या पानावर दुपारी तीनला २५,०००, पहाटे साडेचारला १८,०००, असे एकदम मोठे आकडे आहेत, वेळेचा काही धरबंध नाही. हा चढ. चढात मेंदूला धोका लहान दिसतो आणि फायदा मोठा. तीन तासांची झोप पुरते आणि पैसा अडवणारा आतला आवाज बंद असतो. दुसरं पान जूनमधल्या एका मंगळवारचं. ११.४२ ला ५००. ११.५८ ला ५००. १२.१० ला १,०००. १२.३१ ला २,०००. १.०४ ला ५,०००. मध्ये एकदा १,८०० परत आलेत, आणि त्यानंतरच रक्कम सर्वांत मोठी झाली आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही वेळेवर ऑफिसात हजर. हा चढ नाही, ताई. एकेक पायरी चढल्यासारखी वाढत गेलेली ही रक्कम गेलेलं परत मिळवायच्या धडपडीची आहे. सासूबाई झोपल्या, मुलगा झोपला, अंधारात फोन हातात, आणि वेळ ठरलेली. ही सवय आता स्वतःच्या पायावर उभी राहिली आहे.

निदानाच्या पुस्तकातही हा फरक केलेला आहे. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे २०१३ साली, जुगार व्यसनांच्या गटात गेला. लक्षणं नऊ, आणि त्यांतली चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. मात्र एक अट आहे: हे वागणं उन्मादाच्या, म्हणजे चढाच्या, झटक्यानेच नीट उलगडत असेल तर वेगळं निदान करायचं नाही. तुमच्या पत्रात वाढत्या रकमा, गेलेलं परत मिळवायला बसणं, लपवणं, तीनदा सोडून तीनदा परत जाणं या चार गोष्टी आहेतच, आणि त्या सपाटीच्या महिन्यांतही आहेत. निदान डॉक्टर करतील. पण ‘हे वेगळं तपासा’ असं त्यांना सांगायला एवढं पुरेसं आहे.

तिसरी शक्यता तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटली. अरिपिप्राझोल पावसाळ्यात सुरू झालं, दिवाळीनंतर १० झालं, आणि नाताळात तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा पैसे लावले. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, मे २०१६ मध्ये या औषधाबद्दल इशारा दिला होता: काही जणांत जुगाराची, खाण्याची, खरेदीची किंवा लैंगिक वर्तनाची अनावर ओढ निर्माण होते, डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की ती ओसरते. हे विरळ आहे. बहुतेकांना या औषधाचा फायदाच होतो, तुम्हालाही उतारातून बाहेर यायला त्याने मदत केली असेल. हे औषध मेंदूतल्या डोपामिनच्या यंत्रणेवर काम करतं आणि बक्षिसाची ओढही तिथेच तयार होते, एवढा संबंध लक्षात ठेवा. (पार्किन्सन आणि पायांच्या अस्वस्थतेसाठी दिल्या जाणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनीही असंच होऊ शकतं. घरात कोणी त्या घेत असेल आणि अचानक लॉटरी किंवा मटक्याच्या नादी लागलं असेल, तर शिव्या घालण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी बघा.)

पण गोळी आज रात्री स्वतःहून बंद करू नका. तारखा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. आणि तुमचा मूड ती गोळी सावरत असेल तर ती काढल्यावर पुन्हा उतार किंवा चढ येऊ शकतो. डोस कमी करायचा, औषध बदलायचं की तसंच ठेवून लक्ष ठेवायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांना हे ठाऊक असणं मात्र तुमच्या हातात आहे. ‘डॉक्टरांना सांगितलं तर गोळ्या वाढवतील’ असं तुम्हाला वाटतं. कदाचित उलट होईल, एखादी कमीच होईल.

आता वही. मुलाच्या जुन्या वहीचं एक पान घ्या आणि सात रकाने आखा: तारीख, किती वाजता झोपले, किती तास झोप, मूड उणे ३ ते अधिक ३, खेळायची ओढ ० ते १०, गेलेले रुपये, गोळ्या घेतल्या की नाही. रोज सकाळी चहा घेताना दोन मिनिटांत भरा. रात्री भरायला बसू नका, कारण रात्री फोन जवळ असतो आणि आकडाही खोटा लिहिला जातो. मग एका रविवारी मागे जा. गेल्या वर्षीच्या जूनपासूनची स्टेटमेंटं काढून दर महिन्याला ऍपला गेलेली रक्कम लिहा आणि त्यावर लाल पेनाने औषधांच्या तारखा टाका. कुठली गोळी कधी सुरू झाली, डोस कधी बदलला, कधी चुकला. पैसे फक्त कमी झोपेच्या दिवसांत गेले असतील तर आधी मूड सावरायला हवा. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत ओढ आली असेल तर गोळीचा विचार हवा. सपाटीच्या रात्रींतही ठरलेल्या वेळी पैसे गेले असतील तर सवयीवर वेगळे उपचार हवेत. तुमच्या बाबतीत बहुधा तिन्हींचा थोडाथोडा वाटा निघेल. म्हणूनच एकाच इलाजावर सगळा भार टाकू नका.

वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, किंवा बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेच्या ओपीडीत. गर्दीत तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या: “नाताळपासून पैसे लावून खेळते. ३,४०,००० गेले. मूड ठीक असतानाही खेळते. अरिपिप्राझोल १० केल्यानंतर सुरू झालं. दोनदा मरणाचे विचार आले. या गोळीचा संबंध आहे का? लिथियमची पातळी बघायची का? जुगारासाठी समुपदेशन कुठे मिळेल?” एवढं कागदावर असलं की पाच मिनिटांची भेटही पुरते.

लिथियम ‘वाढवून’ जुगार थांबेल का, तर त्याने चढ आवरतो आणि चढातला जुगारही आवरू शकतो. मंगळवारच्या पानावरची सवय त्याने जात नाही. त्यासाठी सवयीच्या खुणा ओळखून तोडायला शिकवणारी सीबीटीसारखी समुपदेशन-पद्धत आहे. काही वेळा डॉक्टर ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन हे औषधही देतात. ते द्यायचं तर यकृताची तपासणी आधी होते, आणि ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर ते देता येत नाही. ‘मला मरगळ येते’ म्हणून लिथियम एकदम सोडायचा विचार कधी आलाच तर तो बाजूला ठेवा. एकदम सोडलेल्या लिथियमनंतर चढ लवकर उसळतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो.

लिथियमची रक्तातली पातळी आजाराच्या देखभालीत साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. रक्त गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री साडेनऊला घेतली तर सकाळी साडेनऊला. दोन तास इकडेतिकडे झाले तर आकडा फसवतो. पाठ दुखली म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्याने लिथियम रक्तात साठतं. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं तरी हेच होतं, म्हणून उलट्या-जुलाब झाले की लगेच फोन करायचा. आणि चवथीच्या आदल्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपास तुम्ही करत असाल, तर यंदा पाणी प्या. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं ही लक्षणं दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाटल्या सोडवण्यापुरतं जिंकायचं, हा तुमचा बेत. त्यात तुम्हाला वेडेपणा वाटत नाही हे मला समजतं, कारण कधीकधी खरंच पैसे आलेत. पण आकडेमोड करून बघू. समजा ऍप पूर्ण प्रामाणिक आहे आणि प्रत्येक डावावर फक्त दोन टक्के कापतं. एक डाव मिनिटाभराचा. ५०० रुपयांचे ६० डाव म्हणजे तासाभरात ३०,००० ची उलाढाल, आणि त्यातले सरासरी ६०० रुपये ऍपचे झाले. जितकं जास्त खेळाल तितकं ते पक्कं होत जातं. आणि टेलिग्रामच्या लिंकवरून येणारं ऍप प्रामाणिक आहे याची खात्री कोण देणार? रंग ठरवणारा संगणक त्यांचा, पैसे काढू देणारे तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याचा रोख चालवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. पण बंदीनंतरही चालणाऱ्या ऍपने पैसे बुडवले तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय असे जिंकलेले पैसे बऱ्याचदा दुसऱ्याच कोणाच्या भाड्याच्या खात्यातून येतात, आणि पोलिसांनी ते खातं धरलं तर तुमचं पगाराचं खातंही गोठू शकतं.

आपल्याकडे जुगार म्हटलं की मांडवी नदीतली कसिनोंची रोषणाईची जहाजं डोळ्यांसमोर येतात. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तिथे जुगाराच्या भागात प्रवेशबंदी आहे, त्यामुळे ‘मी त्यातली नव्हे’ असं वाटणं साहजिक आहे. पण जहाजाला निदान जेटी आहे, तिथे जायला कपडे बदलावे लागतात, कोणीतरी बघतं. उशीखालच्या फोनला यातलं काहीच लागत नाही. शब्दाचं म्हणाल तर ‘जुगारी’ म्हणायची गरज नाही, ‘मला जुगाराचा त्रास आहे’ म्हणा. जसं ‘मला बायपोलर आहे’ म्हणता.

आता कुलपं. ती लोक लावतात पण चुकीच्या दाराला. ऍप काढून टाकणं हे कुलूप नव्हे, ते परत यायला दोन मिनिटं लागतात. यूपीआय बंद करणंही अर्धवटच आहे, डेबिट कार्डाचे आकडे आणि ओटीपी हाताशी असले की नवा पिन बसतो. खरी भिंत म्हणजे रात्री साडेअकराला हाताच्या अंतरावर पैसेच नसणं. म्हणून पगार आला त्याच दिवशी बहिणीबरोबर बसून वाटणी करा: हप्ते, शाळा, वीज आपोआप जातील अशी लावून द्या आणि उरलेलं बहिणीच्या नावाच्या वेगळ्या खात्यात टाका. तिचं स्वतःचं नेहमीचं बचतीचं खातं यात अजिबात आणू नका. त्या खात्यावर ती यूपीआय सर्कलमध्ये (एकाच्या खात्यातून दुसऱ्याला पैसे देऊ देणाऱ्या यूपीआयच्या सोयीत) मुख्य वापरकर्ती होईल, तुम्ही दुय्यम. दोन प्रकार आहेत: प्रत्येक व्यवहार तिने मंजूर करायचा, किंवा महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत तुम्ही स्वतः करायचा. पहिले तीन महिने पहिला प्रकार ठेवा. मासे, भाजी, पाव यांना लागणारी रोकड दर सोमवारी घ्या. डेबिट कार्ड तिच्याकडे द्या, आणि बँकेच्या ऍपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहारही बंद करा. ही सोय २०२० पासून प्रत्येक बँकेने ठेवायचीच आहे. बँक अधूनमधून ‘मंजूर झालेलं कर्ज’ देऊ करते, ते थांबवायला लेखी सांगा. उरलेलं सोनं तुम्हा दोघींच्या सहीने उघडणाऱ्या लॉकरमध्ये.

हे सगळं तुमच्या सहीच्या कागदावर हवं, आणि परत कधी बघायचं ती तारीखही. तीन महिने म्हणजे तीन महिने. नाहीतर बहीण पोलीस होते आणि तुम्ही चोर, आणि नातं नासतं. सवलत वाढवायची तर सपाटीच्या दिवसांत बोलायचं. चढाच्या दिवशी केलेली कुठलीही मागणी, कितीही मुद्देसूद वाटली तरी, एक आठवडा पुढे ढकलायची हेही त्यातच लिहा.

फोन रात्री दहाला सासूबाईंच्या खोलीत चार्जिंगला. तुम्ही म्हणाल, नवऱ्याचा फोन रात्रीच येतो. मग तो सासूबाईंच्या फोनवर येऊ दे, किंवा वेळ ठरवून घ्या. उठायला साधं गजराचं घड्याळ आणा. पहिले दहा-बारा दिवस साडेअकराला जीव कासावीस होईल. ओढ लाटेसारखी चढते आणि वीस-तीस मिनिटांत उतरते, तेवढा वेळ अंथरुणात पडून राहू नका. उठून दिवा लावा, पाणी प्या, उद्याची भाजी चिरा. फुगडीच्या तालमी सुरू होतील तेव्हा संध्याकाळी जरूर जा, पण झोपेची वेळ मोडू नका. झोप हा तुमच्या आजाराचा पहिला बांध आहे: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप झाली आणि तरी दमल्यासारखं वाटत नसेल, तर तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

कर्ज. एका कागदावर चार कर्जांच्या चार आडव्या ओळी, प्रत्येकीत: कोणाचं, मूळ किती, व्याज किती, तारीख कोणती. आठवणीवर विसंबू नका. क्रेडिट रिपोर्ट कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात विसरलेलं कर्जही दिसतं. आधी कर्ज-ऍप फेडायची, कारण तिथे व्याज आणि दंड सर्वांत वेगाने वाढतो. एक फेडायला दुसरं ऍप उघडायचं नाही. प्रत्येक ऍपमागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते बघा. ते नाव सांगणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि तुमच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीत शिरायला त्यांना मनाई आहे. नाव नसेल किंवा धमक्या येत असतील तर स्क्रीनशॉट ठेवून सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर आणि रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर तक्रार करा. पाटल्यांची घाई नको. पावतीवरची मुदत बघा, व्याज भरत राहिलं तर त्या सहसा लिलावात जात नाहीत, आणि मुदत वाढवून मिळते का ते विचारता येतं.

घर जाईल अशी भीती वाटत असेल तर हे लक्षात ठेवा. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते. कर्जाचा भार मात्र नवऱ्याच्या वाट्यावर कितपत येतो, हे वकिलाला विचारून घ्या. बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट सल्ला मिळतो.

याच कायद्यामुळे नवऱ्याला सांगणं हा फक्त मनाचा प्रश्न राहत नाही, त्याचेही पैसे यात आहेत. पण आधी बहीण, मग तो. बहीण समोर बसलेली असताना फोन करा, म्हणजे फोन ठेवल्यावर तुम्ही एकट्या नसाल. आकडा आधी सांगा, कारण नंतर, आणि आकडा पूर्ण सांगा. दोन लाख सांगून उरलेले महिन्याभराने कबूल केले तर दुसरा घाव पहिल्याहून खोल जातो. असं म्हणता येईल: “मी मोबाईलवर पैसे लावून खेळले. ३,४०,००० गेले, त्यातले २,२०,००० कर्ज आहे. पाटल्या गहाण आहेत. आजाराचा आणि कदाचित एका गोळीचाही यात भाग आहे, डॉक्टरांना दाखवणार आहे. खेळणं थांबवायला मला मदत हवी. पैशांचा ताबा सध्या बहिणीकडे देतेय.” तो चिडेल. बोटीवर आठ हजार मैलांवर बसून त्याला काही करता येत नाही, त्याचाही तो राग असेल. त्याच फोनवर समेट व्हायलाच हवा असं नाही. एक विनंती मात्र करा: सगळं कर्ज त्याने एकरकमी फेडून पैसे तुमच्या खात्यात टाकू नयेत. मोकळं खातं आणि फिटलेलं कर्ज हातात आलं की खेळ पुन्हा सुरू होतो, हे या व्यसनात वारंवार दिसतं. पैसे थेट देणेकऱ्याला, आणि एकेक करून.

सपाटीच्या दिवसांत आणखी एक कागद करून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, साध्या कागदावर सही करून. चढात तुम्ही दवाखान्यात जायला नकार दिला तर तुमच्या वतीने कोणी बोलायचं ते त्याने ठरतं. आगाऊ सूचनाही लिहिता येते, पण ती उपचारांपुरती. पैशांचा करार वेगळाच ठेवा.

खरेदी, गेम, अश्लील व्हिडिओ किंवा रात्रीचं खाणं यांत अडकलेल्या इतर वाचकांनीही ही वही जशीच्या तशी वापरावी, फक्त सहावा रकाना बदलावा. गेमसाठी तास लिहा. खरेदीसाठी रुपये लिहा आणि वस्तू उघडली की नाही तेही, कारण चढातल्या खरेदीचे खोके बहुधा न उघडता पडून असतात आणि परत करायची मुदत तोवर जाते. जुगार आणि गेम ही दोन नावं आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहेत, खरेदीला तसं स्वतंत्र नाव नाही. म्हणून ‘हा काही आजार नाही’ म्हणून कोणी परत पाठवलं तर माघारी फिरू नका, रक्कम आणि तारखा दाखवा. आणि एक सुटलं की दुसरं धरलं जातं, त्यावर लक्ष असू द्या. ऍप बंद झाल्यावर मटक्याची चिठ्ठी, लॉटरीचं तिकीट, रात्रीची ऑनलाइन खरेदी, हेही त्याच रकान्यात लिहायचं.

कधीतरी घसराल. पाचशे रुपये जातील. त्या रात्री ‘आता सगळं गेलंच’ म्हणून पाच हजार लावू नका, सकाळी वहीत ५०० लिहा आणि बहिणीला सांगा, चोवीस तासांच्या आत.

नवऱ्याचा फोन रविवारी लागतो असं तुम्ही लिहिलंय. मग बहिणीला शनिवारी मुक्कामालाच बोलवा, येताना तिला एक गजराचं घड्याळ आणायला सांगा. वहीचं पान आज आखा, आणि गोळ्यांच्या जास्तीच्या पट्ट्या एका पिशवीत घालून तिच्यासाठी दाराशी काढून ठेवा.